पेनेलेहची सातवी गल्ली

इंडोनेशियातल्या सुराबाया शहरात पेनेलेह नावाची वस्ती आहे. तिच्या सातव्या गल्लीत 29-31 क्रमांकाचं एक बसकं, कौलारू घर आहे. पुढे छोटा ओटा, त्याला कमरेएवढा कठडा, आत एकामागे एक खोल्या आणि वर माळा. शंभर वर्षांपूर्वी या घरात एक कुटुंब राहत होतं, आणि उरलेल्या जागेत पैसे भरून राहणारी-जेवणारी शाळकरी मुलं. या घरात राहिलेल्या, ऊठबस केलेल्या तरुणांपैकी एक जण पुढे देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. दुसऱ्याने 1948 मध्ये साम्यवादी उठावाचं नेतृत्व केलं आणि तो त्या पहिल्याच्याच सैन्याच्या गोळीला बळी पडला. तिसऱ्याने 1949 मध्ये इस्लामी राज्याची घोषणा केली, तेरा वर्षं पश्चिम जावाच्या डोंगरांतून झुंज दिली आणि 1962 मध्ये पकडला जाऊन मृत्युदंडाला सामोरा गेला. तेव्हाही राष्ट्राध्यक्षपदी तो पहिलाच होता.

सुकार्नो, मुसो आणि कार्तोसुविर्यो ही ती तीन नावं. घर होतं हाजी उमर सईद चोक्रोआमिनोतो यांचं.

ही गोष्ट सहसा नियतीचा खेळ म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात नियतीपेक्षा वस्तीची रचना जास्त दिसते. असं घर शहराच्या कुठल्याही भागात असू शकलं नसतं. ते पेनेलेहमध्येच का होतं, हे कळायला आधी सुराबाया कसं वसलं ते पाहावं लागतं.

सुराबाया ही पूर्व जावा प्रांताची राजधानी, लोकसंख्या सुमारे 29 लाख, जकार्ताच्या खालोखाल देशातलं सर्वांत मोठं शहर. डचांच्या काळात ते मोठं बंदर होतं. पूर्व जावातली साखर इथून जगभर जायची. कालीमास ही नदी शहरातून उत्तरेकडे समुद्राला मिळते आणि एके काळी मालाच्या होड्या तिच्यातूनच आत येत. नदीच्या खालच्या अंगाला, लाल पुलापाशी, पश्चिम काठावर गोऱ्यांच्या कचेऱ्या. समोर पूर्वेला चिन्यांची पेठ. तिच्या पलीकडे आम्पेलच्या मशिदीभोवती अरबांची वस्ती. कोणी कुठे राहायचं हे बऱ्याच अंशी सरकार ठरवायचं. या सगळ्याच्या दक्षिणेला, वरच्या अंगाला, कालीमास आणि पेगिरियान या दोन प्रवाहांच्या बेचक्यात स्थानिकांच्या जुन्या वस्त्या होत्या. पेनेलेह त्यांपैकीच. आज पेनेलेह नावाच्या प्रशासकीय वॉर्डात पांदेआन, प्लांपितान, जागालान, लावांग सेकेतेंग या शेजारच्या वस्त्याही मोडतात. एकातून दुसरीत कधी शिरलो ते कळतही नाही.

अशा वस्तीला तिथे कांपुंग म्हणतात. मूळचा अर्थ गाव. शहर वाढलं, रुंद रस्ते झाले, रस्त्यांच्या कडेला पक्के बंगले आणि दुकानं आली आणि गावं त्यांच्या पाठीमागे तशीच राहिली. 1906 मध्ये सुराबायाला नगरपालिका मिळाली, पण ती प्रामुख्याने युरोपियनांच्या सोयीसाठी होती. कांपुंगांमधली गटारं, पाणी, वाटा यांची जबाबदारी घ्यायची की नाही, यावर पुढे वर्षानुवर्षं वाद चालला. परिणाम असा की आजही मोठ्या रस्त्यावरून जाणाऱ्याला दुकानांची रांगच दिसते. मधूनच एखादी कमान लागते आणि तिच्यावर गल्लीचा नंबर. आत वळलं की हात पसरले तर दोन्ही बाजूंच्या कुंड्यांना लागतील एवढीच वाट, आणि दोन्हीकडे घरं. मराठी वाचकाला इथे गिरगावची चाळ आठवेल. फरक एवढाच की इथे घर ज्याचं त्याचं असतं, सामाईक असते ती गल्ली.

चोक्रोआमिनोतो हे जावातल्या सरदार घराण्यातले. जन्म 1882 चा. देशी अधिकाऱ्यांच्या शाळेत शिकून ते डचांच्या नोकरीत लागले, पण वरिष्ठांपुढे जमिनीवर बसून हात जोडण्याची रीत त्यांना मानवेना. नोकरी सोडून ते सुराबायात आले आणि व्यापारी कचेरीत, साखर कारखान्यात कामं केली. 1912 मध्ये ते सारेकात इस्लाम या संघटनेत शिरले. सुरकार्ताच्या बाटिक व्यापाऱ्यांनी सुरू केलेल्या या संघटनेचं त्यांनी काही वर्षांत देशव्यापी चळवळीत रूपांतर केलं. 1916 च्या बांडुंग अधिवेशनात त्यांनी स्वराज्याची भाषा उघडपणे केली. डच अधिकारी त्यांना ‘जावाचा बिनमुकुटाचा राजा’ म्हणत, अर्धं कुत्सितपणे आणि अर्धं धास्तावून.

या राजाचं घर चालायचं ते त्यांच्या पत्नीच्या, सुहार्सिकिन यांच्या कष्टावर. चळवळीतून पैसा येत नव्हता, म्हणून त्यांनी घरात पोरं ठेवली. शाळा-कॉलेजच्या मुलांनी एखाद्या कुटुंबात खोली आणि जेवण घेऊन राहण्याची ही पद्धत इंडोनेशियात आजही सर्रास आहे. ‘कोस’ म्हणतात तिला. राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात सुहार्सिकिन यांचा उल्लेख ओळ-दोन ओळींत आटोपतो. पण नवरा दौऱ्यावर असताना हे घर, त्यातली मुलं, त्यांची जेवणं आणि घरातली शिस्त हे सारं त्यांनीच सांभाळलं. त्या नसत्या तर ही गल्ली कोणाच्या खिजगणतीत नसती.

सुकार्नो इथे आला तो 1916 मध्ये, पंधराव्या वर्षी. वडील शाळामास्तर, चोक्रोआमिनोतोंच्या ओळखीचे. मुलाला डच माध्यमिक शाळेत प्रवेश मिळाला होता. त्या शाळेची इमारत कालीमासच्या पलीकडे, पायी जाता येईल अशा अंतरावर होती. आज तिथे शहराचं मुख्य पोस्ट ऑफिस आहे. वस्तीत परवडणारी खोली, चालत गेलं की शाळा, तसंच पुढे गेलं की बाजार, बंदर आणि छापखाने. संध्याकाळी घरी परतावं तर ओट्यावर कामगार पुढारी, पत्रकार, मौलवी, डच समाजवादी यांच्या गप्पा रंगलेल्या. गोऱ्यांच्या भागात अशा माणसांना राहायला जागा मिळाली नसती आणि खेड्यात ती माणसंच भेटली नसती.

सुकार्नोने आत्मचरित्रात त्या खोलीचं वर्णन केलं आहे. तिला खिडकी नव्हती, दिवसाही दिवा लावावा लागे. नवीन आलेल्याच्या वाट्याला नको असलेलीच जागा येते, तसा तो प्रकार. याच खोलीत तो आरशासमोर उभा राहून भाषणांचा सराव करायचा आणि शेजारच्या खोल्यांतली मुलं त्याची टर उडवायची. पुढे त्याने चोक्रोआमिनोतोंच्या ‘उतुसान हिंदिया’ या वृत्तपत्रात ‘बिमा’ या टोपणनावाने लिहायला सुरुवात केली. बिमा म्हणजे महाभारतातला भीम. एका मुस्लिम संघटनेच्या पत्रात मुस्लिम तरुणाने भीमाच्या नावाने लिहावं यात जावामध्ये कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. वायांग या छायाबाहुल्यांच्या खेळातून महाभारताची पात्रं तिथे घराघरांत होतीच.

1921 मध्ये सुकार्नो चोक्रोआमिनोतोंची मुलगी उतारी हिच्याशी विवाहबद्ध झाला आणि इंजिनिअरिंग शिकायला बांडुंगला गेला. तिथे स्थिरावतो न स्थिरावतो तोच सासऱ्यांना अटक झाली. जावई कॉलेज सोडून सुराबायाला परतला, रेल्वेत कारकुनी केली आणि सासरे सुटेपर्यंत घर चालवलं. लग्न फार टिकलं नाही.

इथे एक दुरुस्ती करायला हवी, कारण पर्यटन पुस्तिकांमध्ये हे तिघे एकाच ताटात जेवणारे खोलीमित्र म्हणून रंगवले जातात. कार्तोसुविर्यो सुराबायात वैद्यकीय शिक्षणासाठी आला 1923 मध्ये, म्हणजे सुकार्नो गेल्यानंतर. पुढे तो चोक्रोआमिनोतोंचा खासगी चिटणीस झाला. मुसो आणि त्याचा साम्यवादी साथीदार आलिमिन यांची गोष्ट निराळी. ते सुकार्नोच्या काळातलेच. तेव्हा तिघांचा गुरू एक हे खरं, तिघं एका छताखाली एकाच वेळी नांदले हे खरं नाही. मला खरी गोष्टच अधिक बोलकी वाटते. 1921 मध्ये सारेकात इस्लाममधून साम्यवाद्यांना बाहेर काढलं गेलं. राष्ट्रवाद, साम्यवाद, इस्लाम या वाटा तिथून फुटत गेल्या, आणि प्रत्येक वाटेवर या घराचा कोणी ना कोणी होता.

सुकार्नोचा जन्मही इथलाच, चालत पाच-दहा मिनिटांवरच्या पांदेआनच्या चौथ्या गल्लीतला. 6 जून 1901. वडील तेव्हा सुराबायात शिकवत होते. आई इदा आयू न्योमान राय ही बालीची. तरीही अनेक वर्षं कित्येक इंडोनेशियनांना तो ब्लितार गावी जन्मला असंच वाटत होतं. ब्लितारला त्याची कबर आहे, आई-वडिलांचं घरही तिथेच, आणि त्याच्यानंतर सत्तेवर आलेल्या सुहार्तोच्या राजवटीत सुकार्नोविषयी फार खोलात जाण्याची सोय नव्हती. 2015 मध्ये खुद्द तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी ब्लितारमधल्या जाहीर भाषणात तेच जन्मगाव म्हणून सांगितलं आणि सुराबायात गहजब झाला. पांदेआनमधलं घर महापालिकेने 2020 मध्ये विकत घेतलं आणि 2023 च्या 6 जूनला लोकांसाठी उघडलं.

शेजारच्या प्लांपितानमध्ये 1914 साली रुसलान अब्दुलगनी जन्मले. 1955 च्या ज्या बांडुंग परिषदेला नेहरू गेले होते तिचे हे सरचिटणीस, आणि नंतर परराष्ट्रमंत्री. एवढ्याशा टापूत इतकी माणसं कशी, याचं उत्तर पुन्हा तेच: कारकून, शिक्षक, छोटे व्यापारी, मुद्रक अशा लिहित्या-वाचत्या स्थानिकांना शहरात राहायला जागा होती ती इथेच.

वस्तीचं वय मात्र याहून खूप मोठं आहे. 2018 मध्ये पांदेआनच्या पहिल्या गल्लीत गटाराचं काम चालू असताना जमिनीखाली भाजक्या मातीच्या कड्या एकावर एक रचलेली विहीर सापडली. मजापहित साम्राज्याच्या काळात अशा विहिरी करत. सोबत मिळालेल्या हाडांची तपासणी ऑस्ट्रेलियात झाली आणि काळ निघाला पंधराव्या शतकाचा. कुदळ मारली ती सांडपाण्यासाठी, आणि हाती लागलं ते पिण्याचं पाणी! विहीर आता जागच्या जागी जतन केली आहे. पेनेलेहची जामी मशीद सुनान आम्पेल या मुस्लिम संतांनी बांधली अशी इथल्या लोकांची श्रद्धा आहे. लावांग सेकेतेंगमध्ये वरच्या मजल्यावर नमाजाची जागा असलेलं लाकडी प्रार्थनाघर आहे, ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं.

आणि मग डचांचं स्मशान. 1847 मध्ये सुरू झालेली ही दफनभूमी तेव्हा शहराच्या कडेला होती; आता ती चहूबाजूंनी वस्तीने वेढलेली आहे. ओतीव लोखंडाचे कठडे, संगमरवरी पाट्या, मधूनच उखडलेली थडगी. गव्हर्नर-जनरल पीटर मेर्कुस सुराबायात वारला, त्याची कबर इथे आहे. मला इथल्या माणसांत सर्वांत रस वाटतो तो हेर्मान फान देर टूकबद्दल. मलाक्कात जन्मलेला हा भाषापंडित बायबलच्या भाषांतरासाठी बायबल संस्थेने सुमात्राला पाठवला होता. त्याने बाताक भाषेचं व्याकरण लिहिलं, पुढे बालीत स्थानिकांच्या घरासारख्या घरात वर्षानुवर्षं राहिला आणि कावी-बाली-डच कोश रचला. ज्या धर्मकार्यासाठी त्याला पाठवलं त्याच्याविषयी तो उघडपणे तुच्छतेने बोलायचा. 1894 मध्ये तो सुराबायाच्या लष्करी रुग्णालयात वारला. गोऱ्या समाजात न रमलेला हा माणूस अखेर गोऱ्यांच्या स्मशानात विसावला, पण शेजार मिळाला कांपुंगचा.

1945 च्या ऑक्टोबरात याच शहरात मराठी माणसं उतरली, आणि ती बंदुका घेऊन. युद्धकाळात इंडोनेशिया ताब्यात घेतलेला जपान शरण आला होता, सुकार्नोने 17 ऑगस्टला स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. जपान्यांना निःशस्त्र करायचं आणि युद्धकैद्यांना सोडवायचं या कामगिरीवर ब्रिटिशांनी 25 ऑक्टोबरला ब्रिगेडिअर मॅलबीची 49 वी भारतीय ब्रिगेड सुराबायात उतरवली. तिच्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दोन पलटणी होत्या आणि एक राजपुताना रायफल्सची. तीन दिवसांत ठिणगी पडली. छोट्या छोट्या तुकड्यांत शहरभर पांगलेल्या सैनिकांवर कांपुंगांतून हजारो लोक चालून आले, जपान्यांकडून मिळवलेल्या बंदुका आणि बांबूचे भाले घेऊन. सुकार्नोला विमानाने आणून युद्धविराम करावा लागला. 30 ऑक्टोबरला लाल पुलाजवळच्या इमारतीत मराठ्यांची एक कंपनी अडकली होती. तिथला गोळीबार थांबवायला गेलेला मॅलबी समोरच्या चौकात मोटारीत मारला गेला. 10 नोव्हेंबरला ब्रिटिशांनी जमीन, समुद्र आणि हवा या तिन्हींकडून हल्ला केला. शहर घ्यायला तीन आठवडे लागले.

10 नोव्हेंबर हा इंडोनेशियाचा वीर दिन. साताऱ्या-रत्नागिरीकडच्या ज्या मुलांना आपण कुठल्या देशात आणि कशासाठी आलो हे धड सांगितलेलं नव्हतं, त्यांच्यासमोर परक्या सत्तेविरुद्ध उठलेली वस्ती उभी होती, आणि तेही आपल्याकडे स्वातंत्र्य दीड-दोन वर्षांवर आलेलं असताना. भारतीय सैनिकांपैकी काही जण इंडोनेशियाच्या बाजूला जाऊन मिळालेही. आपल्या रेजिमेंटांच्या इतिहासात ब्रह्मदेश, इटली, आफ्रिका यांवर भरभरून लिहिलं जातं; सुराबायावर फारसं कोणी बोलत नाही.

कांपुंग एवढी माणसं इतक्या लवकर कशी गोळा करू शकला? याचा एक धागा जपान्यांकडे जातो. 1944 च्या सुरुवातीला त्यांनी जावामध्ये दहा-वीस घरांचे शेजारगट पाडले, जपानमध्ये होते त्याच धर्तीवर. हेतू साधा होता: रेशनचा तांदूळ वाटायचा, मजूर गोळा करायचे, हवाई हल्ल्याच्या कवायती घ्यायच्या आणि शेजाऱ्याकडून शेजाऱ्यावर नजर ठेवायची. जपानी गेले, गट राहिले. आज त्यालाच रुकुन तेतांगा म्हणतात. बोलण्यात नुसतं ‘एर्ते’. काही डझन घरांचा एक एर्ते, अनेक एर्ते मिळून एक ‘एर्वे’. एर्तेचा अध्यक्ष शेजारीच निवडतात. मानधन नाममात्र, कटकट भरपूर. ओळखपत्र, लग्न, मृत्यू, घर बदलणं, कशासाठीही सरकारी कचेरीत जायचं तर आधी त्याच्या सहीचं पत्र लागायचं. पाहुणा मुक्कामाला आला तर चोवीस तासांत कळवा, अशी पाटी अजून कित्येक गल्ल्यांच्या तोंडाशी दिसते.

शेजारधर्माची ही व्यवस्था प्राचीन जावानी परंपरा म्हणून मिरवली जाते. परस्परांच्या कामाला धावून जाण्याची रीत जुनी आहेच, पण तिच्यावरचा हा सांगाडा युद्धकाळातला आणि पाळतीसाठी उभारलेला. सुहार्तोनेही तो तसाच वापरला. गंमत अशी की लोकांनी त्याच सांगाड्यावर आपल्या सोयीचं बरंच काही चढवलं. रविवारी सकाळी सगळ्यांनी मिळून गटार उपसायचं. बायकांची भिशी, तिथे तिला आरिसान म्हणतात. बाळांची वजनं करण्याचा महिन्याचा दिवस. रात्रीच्या गस्तीच्या पाळ्या. 16 ऑगस्टच्या रात्री गल्लीत चटया अंथरून सगळे एकत्र जेवतात, आणि दुसऱ्या दिवशी दोरीला टांगलेल्या पापड्या हात न लावता खाण्याच्या शर्यती रंगतात. गल्लीत शिरताना मोटरसायकलचं इंजिन बंद करून गाडी ढकलत न्यायची हाही नियम. त्याची पाटी नम्र असते. वेगाने जाणाऱ्यांसाठीची पाटी तितकी नम्र नसते: सुसाट याल तर टेंगूळ घेऊन जाल, असा तिचा आशय.

घरं न पाडता वस्ती सुधारता येते हे सुराबायाने याच बळावर दाखवलं. 1960 च्या दशकाच्या अखेरीस महापालिकेने एक योजना काढली. तिला नाव दिलं राष्ट्रगीताचे रचनाकार सुप्रातमान यांचं. पालिका गटारांचे तयार काँक्रीट भाग द्यायची, बाकी खर्च आणि मेहनत गल्लीची. नंतर जागतिक बँकेचा पैसा आला आणि फरसबंद वाटा, नळ, शौचालयं यांचं काम शहरभर झालं. वास्तुरचनाकार योहान सिलास आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी यात रहिवाशांबरोबर बसून आराखडे केले. कबालेन या कांपुंगच्या कामाला 1986 मध्ये आगा खान पुरस्कार मिळाला. एखाद्या बिल्डरला टॉवर बांधू देऊन त्यातल्या काही मजल्यांवर मूळच्या रहिवाशांना ठेवायचं, ही मुंबईची वाट त्यांनी धरली नाही. त्याचीही किंमत आहेच. वस्ती सुधारली की भाडी चढतात, आणि अरुंद गल्लीत आगीचा बंब शिरत नाही तो नाहीच.

सातव्या गल्लीतलं घर 2017 पासून संग्रहालय आहे. माळ्यावर चढता येतं. भिंतींवर छायाचित्रं आहेत. याच्या आदल्याच वर्षी, मे 2016 मध्ये, शहरातलं दुसरं एक घर जमीनदोस्त झालं होतं. 1945 मध्ये बुंग तोमोने ज्या घरातून रेडिओवर भाषणं करून लोकांना लढायला उभं केलं, ते हे घर. वारसा यादीत त्याचं नाव होतं, मालकी खासगी होती, आणि बातमी फुटेपर्यंत भिंती पडल्या होत्या. पेनेलेहमधली बहुतेक जुनी घरं आजही खासगीच आहेत. वारसांमध्ये खोल्या वाटल्या जातात, कोणाला वर मजला चढवायचा असतो, कोणाला कौलं काढून पत्रा घालायचा असतो. सुट्टीच्या दिवशी मार्गदर्शकामागून येणारे जथे गल्लीत थांबून फोटो काढतात, तेव्हा त्यांच्या मागच्या ओट्यावर कोणी कपडे वाळत घालत असतं आणि शेजारच्या दारावर ‘खोली भाड्याने देणे आहे’ अशी पाटी असते.